खरेदीखत नसलेला वाडा : मराठी समीक्षेतील एका लाडक्या प्रतीकाची उलटतपासणी

१

मराठी समीक्षेला वाडा प्रिय आहे आणि तो पडत असताना विशेष प्रिय आहे. चौसोपी, चिरेबंदी, ओसरीवर झोपाळा आणि माजघरात काळोख असलेला वाडा एखाद्या नाटकात वा कादंबरीत अवतरला, की समीक्षकाच्या लेखणीतून एक ठरीव शब्दसमूह आपोआप उतरू लागतो : मूल्यांची पडझड, एकत्र कुटुंबाचे विघटन, संस्कृतीचा अस्त, मुळांपासून तुटणे. पदव्युत्तर वर्गांतील टिपणांत, प्रबंधांच्या प्रकरणांत आणि साप्ताहिक पुरवण्यांतील परीक्षणांत हा शब्दसमूह सारख्याच आत्मविश्वासाने वावरतो. ‘वाडा हे कोसळत्या व्यवस्थेचे प्रतीक आहे’ हे विधान इतक्या वेळा लिहिले गेले आहे की त्यातील विधानपण झिजून गेले आहे. उत्तरपत्रिकेत ते लिहिले की गुण मिळतात; प्रबंधात ते लिहिले की पुढचे प्रकरण सुरू करता येते. त्यातून काही कळते का, हा प्रश्न विचारण्याचे कारण कोणाला पडत नाही.

परंतु एक साधा प्रश्न या विधानाला अडवून धरतो. वाडा जर केवळ प्रतीक असेल, तर तो विकला कसा जातो? प्रतीकाला चतुःसीमा नसतात, सहहिस्सेदार नसतात, थकलेली घरपट्टी नसते. त्याचे खरेदीखत होत नाही आणि दुय्यम निबंधकासमोर त्यावर सह्या कराव्या लागत नाहीत. विकली जाते ती मिळकत. आणि ज्या मराठी संहितांच्या आधाराने ही प्रतीकमीमांसा उभी आहे, त्या संहिता मिळकतीच्या भाषेने अक्षरशः भरलेल्या आहेत. त्यांत कर्ज आहे, वाटणी आहे, दागिन्यांची पेटी आहे, मजुरांचे थकलेले पैसे आहेत, वाड्याच्या कोणत्या भागाला गिऱ्हाईक मिळेल याची चर्चा आहे. समीक्षेत मात्र यांतले काहीच उरत नाही. लेखक जे मांडतो ते समीक्षक नजरेआड करतो आणि या नजरेआड करण्यालाच ‘अन्वयार्थ’ असे भारदस्त नाव देतो.

या सवयीला केवळ आळस म्हणून सोडून देता येणार नाही. तिच्यामागे एक निश्चित विचारव्यूह आहे; आणि खेड्यातील वडिलोपार्जित घर विकायला निघते तेव्हा त्यात कोणाकोणाचे काय अडकलेले असते, हे झाकून ठेवण्याचे काम तो नेमके करतो.

२

‘पडझड’ या शब्दापासूनच सुरुवात करावी लागेल. हा शब्द निसर्गव्यापाराचा आहे. पावसाने भिंत पडते, वाळवीने तुळई पोकळ होते. त्यात कर्ता नसतो. वाड्याच्या संदर्भात हा शब्द वापरला, की ज्या घटना कोणीतरी घडवून आणलेल्या असतात त्या आपोआप घडल्यासारख्या दिसू लागतात. वस्तुतः मराठी साहित्यातील वाडे किमान चार वेगवेगळ्या रीतींनी नाहीसे झालेले आहेत : काही जाळले गेले, काही सोडून दिले गेले, काही वाटले गेले आणि काही विकले गेले. ही चार क्रियापदे एका अर्थाची नाहीत.

गांधीहत्येनंतर १९४८ साली महाराष्ट्रातील अनेक गावांत ब्राह्मणांची घरे जाळण्यात आली. व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ ही कादंबरी त्या दिवसांची आहे. तेथे घर जाते ते जमावाच्या हातून. त्यात अपराध आहे, भय आहे आणि गावाशी असलेल्या नात्याचा आकस्मिक शेवट आहे. कोकणातील खोतांच्या घरांची कथा निराळी. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या द्विखंडात्मक कादंबरीत घराण्याचा उतार पिढ्यान्‌पिढ्या चालतो आणि तो घराण्याच्याच वासनांतून, वैरांतून व सत्तेच्या माजातून येतो. महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’मध्ये तर जमाव नाही आणि कोणाचा शापही नाही. तात्याजींच्या तेराव्याचा खर्च भागवायचा कसा, हा तेथील पेच आहे.

जळणे, सुटणे, वाटले जाणे आणि विकले जाणे या चार घटितांना ‘पडझड’ या एकाच गाठोड्यात बांधणारी समीक्षा वाङ्मयीन भेद पाहण्याची आपली प्राथमिक जबाबदारीच टाळते. जाळल्या गेलेल्या घराचे दुःख आणि विकलेल्या घराचे दुःख एकच मानले, तर विकणारा आपोआप जमावाच्या रांगेत जाऊन बसतो. मराठी समीक्षेत घर विकायला निघालेल्या पात्राविषयी जी अढी वारंवार जाणवते, तिचा उगम या गाठोड्यात आहे. शहरात गेलेला धाकटा भाऊ, हिस्सा मागणारी बहीण, ‘आता हे काढून टाकू’ म्हणणारी सून यांच्याकडे समीक्षक संशयाने पाहतो. घर राखणाऱ्याच्या हट्टाला मात्र तो ‘निष्ठा’ म्हणतो.

३

वाडा कशावर उभा होता, हा प्रश्न पायाच्या दगडांविषयीचा नाही. गावातील मोठ्या घराची रचना नीट पाहिली तर ती एका विशिष्ट अर्थव्यवहाराची रचना आहे असे दिसते. रुंद ओसरी ही हिशेबाची आणि वसुलीची जागा होती. देवडी ही कोणी कोठपर्यंत यावे हे ठरविणारी रेषा होती. जमिनीतली पेवे आणि भिंतींतली बळदे खंडाचे धान्य साठविण्यासाठी होती. घराचा आकार कुटुंबातील माणसांच्या संख्येने ठरत असे ही समजूत अर्धवट आहे. तो बाहेरून येणाऱ्या धान्यानेही ठरत असे. दरवर्षीची शाकारणी, भिंतींचे लिंपण, सारवण, लाकूडकामाची डागडुजी ही कामे सुतार, कुंभार, महार, मांग आणि घरगड्यांच्या बायका बलुत्यावर किंवा नुसत्या रीतीने करीत. वाड्याची ‘भक्कम’ म्हणून वाखाणली जाणारी वास्तू दरवर्षी नव्याने उभी केली जात होती, आणि ती उभी करणारे हात वाड्यात राहत नव्हते.

ही व्यवस्था कशी संपली, याच्या तारखा उपलब्ध आहेत. मुंबई राज्यात खोती निर्मूलनाचा कायदा १९४९ सालचा. त्याआधी, १९३७ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोतीविरोधी विधेयक मांडले होते. कुळवहिवाटीचा कायदा १९४८ सालचा. त्यातील १९५६ च्या दुरुस्तीनंतर १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि त्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे खरेदीदार मानले गेले. विदर्भासाठी कुळवहिवाटीचा स्वतंत्र कायदा १९५८ साली झाला. कनिष्ठ गावकामगार वतने नाहीशी करणारा कायदाही १९५८ सालचाच. आणि महार वतनाच्या गुलामीविरुद्ध आंबेडकरांनी पहिले विधेयक आणले ते १९२८ साली. म्हणजे साधारण एका दशकात वाड्याकडे येणारे धान्य आटले आणि वाड्यावर फुकट किंवा जवळजवळ फुकट राबणारे हातही आटले. त्यानंतर वाड्याला गळती लागली. कारण आधी आणि परिणाम नंतर, असा हा सरळ क्रम आहे. समीक्षेने मात्र परिणामालाच कारणाचे स्थान दिले : मूल्ये ढासळली म्हणून वाडा ढासळला, असे ती सांगत राहिली.

याचा अर्थ वाड्यात मूल्ये नव्हतीच असा नाही. आल्यागेल्याला जेवू घालणारी, वारकऱ्यांच्या दिंड्यांना उतारा देणारी, अनाथ नातेवाइकांना सांभाळणारी घरे गावोगाव होती. परंतु औदार्यालाही खर्च लागतो. तो कोठून येत होता हे न विचारता औदार्याचा गौरव करणे म्हणजे पंक्तीतील वाढप्याची स्तुती करून शेतकऱ्याला विसरणे होय.

४

‘वाडा चिरेबंदी’ हे या चर्चेतील मध्यवर्ती नाटक. विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली ते १९८५ साली रंगभूमीवर आले. पुढे ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ यांसह त्याची नाट्यत्रयी झाली आणि १९९४ साली ती सलग सादर झाली. या नाटकावर विपुल लिहिले गेले आहे. अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर, अंथरुणाला खिळलेली दादी, घरात गड्यासारखा राबणारा चंदू, दागिने घेऊन पळून जाणारी रंजू या सर्वांची प्रतीकार्थाने मोजदाद झाली आहे. आणि प्रभा? शिकण्याची बुद्धी आणि इच्छा असताना जिचे शिक्षण घराने थांबविले, त्या अविवाहित बहिणीच्या वाट्याला समीक्षेत बहुधा एकच शब्द येतो : घुसमट.

घुसमट हा मानसशास्त्रीय शब्द आहे. प्रभेच्या स्थितीला दुसरा, अधिक काटेकोर शब्द उपलब्ध होता आणि तो कायद्याच्या पुस्तकात होता. हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ सालचा. मृत्युपत्र न करता पुरुष वारला तर त्याच्या वाट्याच्या मिळकतीत विधवा, मुलगे आणि मुली यांना या कायद्याने बरोबरीने हक्क दिला. परंतु त्याच कायद्याच्या कलम २३ ने राहत्या घराला वेगळे काढले. कुटुंबाची माणसे जेथे राहत आहेत अशा घराची वाटणी मागण्याचा हक्क स्त्री-वारसाला तोपर्यंत नव्हता, जोपर्यंत पुरुष वारस आपापले हिस्से वेगळे करण्याचे ठरवीत नाहीत. तिला केवळ राहण्याचा हक्क होता. आणि मुलीच्या बाबतीत तोही ती अविवाहित, विधवा, परित्यक्ता किंवा नवऱ्यापासून विभक्त असेल तरच. घरात एकच पुरुष वारस असला तरी हे कलम लागू राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितले. हे कलम रद्द झाले २००५ साली.

आता प्रभा पुन्हा वाचावी. तात्याजी वारले आहेत, भाऊ वाड्याविषयी बोलत आहेत, आणि प्रभा त्याच वाड्यात आहे. तिला तेथे राहता येते. तेथून आपला भाग घेऊन बाहेर पडता येत नाही. नाटकातील तिचे स्थान आणि कलम २३ मधील तिचे स्थान तंतोतंत एक आहे. एलकुंचवारांनी कायदा वाचून पात्र रचले असा दावा करण्याची गरज नाही. त्यांनी घर पाहिले होते, आणि कायदा करणाऱ्यांनीही तेच घर पाहिले होते. नाटककाराला जे रचनेच्या पातळीवर दिसले ते समीक्षेला मनोवस्थेच्या पातळीवरच दिसावे, ही गोष्ट उद्वेगजनक आहे. नाट्यत्रयी सलग सादर झाली त्याच १९९४ साली महाराष्ट्राने या कायद्यात दुरुस्ती करून मुलीला जन्मतः सहदायाद केले. त्या वर्षीच्या २२ जूनपूर्वी लग्न झालेल्या मुलींना मात्र वगळले. एकाच वर्षी महाराष्ट्राच्या रंगभूमीने आणि महाराष्ट्राच्या कायद्याने एकाच घराविषयी बोलावे आणि समीक्षेच्या कानावर त्यांतील एकच आवाज यावा, याचे कारण दुसरा आवाज ‘साहित्यबाह्य’ ठरविण्यात आला होता.

येथे एका दस्तऐवजाचे नाव घेणे आवश्यक आहे : हक्कसोडपत्र. खेड्यातील घर विकायला निघाले, की गिऱ्हाइकाचा वकील पहिली गोष्ट विचारतो ती बहिणींच्या सह्यांची. मग बहिणींना माहेरी बोलावले जाते, पुरणपोळी होते, साडीचोळी होते आणि कागदावर सही होते. माहेर तुटू नये म्हणून वाटा सोडायचा, ही त्या सहीमागील अलिखित अट. मराठी स्त्रीजीवनातील इतका नाट्यपूर्ण, इतका संदिग्ध, प्रेम आणि दबाव यांचे इतके गुंतागुंतीचे मिश्रण असलेला दुसरा प्रसंग क्वचितच सापडेल. तरीही स्त्रीवादी म्हणविणाऱ्या समीक्षेनेही वाड्याच्या संहितांत हा कागद शोधलेला नाही. माहेर हा शब्द आला की तीही हळवी होते.

५

वाड्याच्या बाहेरून लिहिल्या गेलेल्या संहिता या प्रतीकमीमांसेला उघडे पाडतात. दया पवारांच्या ‘बलुतं’ (१९७८) या आत्मकथनाचे शीर्षकच मुळी एका हिश्शाचे नाव आहे. गावाच्या धान्यातील तो हिस्सा हक्क म्हणून मागायचा आणि भीक म्हणून घ्यायचा, ही त्या शब्दातील वेदना. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) आणि ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) यांत गावातील मोठी घरे येतात ती उंबऱ्याबाहेरून आणि श्रमाच्या व्यवहारातून. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’ (१९८४) मधील निवेदकाचा जन्मदाता पाटील आहे. म्हणजे तो वंशज आहे, पण वारस नाही. वाड्याचे रक्त अंगात आहे आणि वाड्याच्या दारात उभे राहण्याचाही अधिकार नाही, हे त्या पुस्तकाचे दाहक केंद्र. ज्या समीक्षेला वाडा म्हणजे ‘मुळे’ वाटतात, तिने या निवेदकाची मुळे कोठे दाखवायची? या पुस्तकाला ‘दलित आत्मकथन’ या वेगळ्या प्रकरणात ठेवले आणि ‘वाडा’ वेगळ्या प्रकरणात ठेवला, की हा प्रश्न टळतो. प्रबंधांच्या अनुक्रमणिका अशा टाळाटाळीवर बेतलेल्या असतात.

तथापि या बाजूनेही एक सोयीस्कर प्रतिप्रतीक तयार झाले आहे, आणि त्याचीही गय करण्याचे कारण नाही. ‘वाडा पडला ते बरेच झाले, शोषणाचे प्रतीक नाहीसे झाले’ असे म्हणणारी समीक्षा पहिल्या समीक्षेची उलटी प्रत आहे. शोक जाऊन तेथे समाधान आले. पण प्रतीक जागचे हलले नाही. वाडा पडल्यावर ती जागा कोणाकडे गेली? कुळाच्या नातवाकडे, गावातील व्यापाऱ्याकडे, नव्या राजकीय पुढाऱ्याकडे, की शहरातील गुंतवणूकदाराकडे? वाड्यावर राबलेल्यांच्या वस्तीला त्यातून हातभर जागा मिळाली का? गोव्यात भाटकाराच्या जमिनीवर घर असलेल्या मुंडकाराला १९७५ च्या कायद्याने बेदखलीपासून संरक्षण द्यावे लागले. मालक बदलला म्हणून राहणाऱ्याचे भय संपत नाही, याची ही कबुलीच होय. वास्तूचे पडणे आणि सत्तेचे पडणे यांत अंतर असते. ते मोजायचे असेल तर विक्रीचा व्यवहार वाचावा लागतो. केवळ ढिगारा पाहून ते कळत नाही.

६

सिद्धान्ताचा आधार मागणाऱ्यांना सिद्धान्ताच्या भाषेतच उत्तर देता येईल. घराच्या प्रतिमेची चर्चा करताना गास्तों बाशलार यांच्या अवकाशविषयक ग्रंथाचा (१९५७) उल्लेख आता विद्यापीठीय लेखनात सर्रास येतो. बालपणीचे घर, पोटमाळा, तळघर, कोपरे यांचे त्यांनी केलेले विश्लेषण मोहक आहे यात शंका नाही. परंतु आपण केवळ सुखद, प्रिय अवकाशाच्या प्रतिमा तपासत आहोत आणि वैराच्या अवकाशाला येथे जवळजवळ स्थान नाही, अशी मर्यादा बाशलार यांनी प्रस्तावनेतच आखून घेतली आहे. मराठीत ही मर्यादा वाटेत गळून पडली आणि निष्कर्ष तेवढे पोहोचले. ज्या माजघरात विधवेचे केशवपन झाले, ते माजघर बाशलारांच्या चौकटीत बसत नाही. हे त्यांनीच आधी सांगून ठेवले होते.

याउलट रेमंड विल्यम्स यांच्या ‘द कंट्री अँड द सिटी’ (१९७३) या ग्रंथाकडे मराठी समीक्षेने म्हणावे तितके लक्ष दिलेले नाही. सतराव्या शतकातील इंग्रजी जमीनदारांच्या गृहांची स्तुती करणाऱ्या कविता त्यांनी वाचल्या आणि त्यांतील समृद्धी जणू श्रमाविना अवतरते, राबणारी माणसे कवितेतून अलगद काढून टाकलेली असतात, हे दाखवून दिले. कवितेतील अनुपस्थिती वाचण्याची ही पद्धत आहे. मराठी वाड्याला तिची नितांत गरज आहे. फरक इतकाच की इंग्रजीत हे वगळणे कवींनी केले होते, तर मराठीत अनेकदा लेखकाने दाखविलेले समीक्षकाने वगळले आहे.

आणि चेखव. ‘वाडा चिरेबंदी’ची तुलना ‘द चेरी ऑर्चर्ड’शी (१९०४) करण्याचा प्रघात आहे. ही तुलना करणाऱ्यांनी ते नाटक पुन्हा एकदा वाचावे. त्यात लिलावाची तारीख आहे, २२ ऑगस्ट. बागेचे तुकडे पाडून उन्हाळी बंगल्यांसाठी भाड्याने दिले तर वर्षाला किती उत्पन्न येईल, याचा हिशेब लोपाखिन पहिल्याच अंकात मांडतो. लिलावात त्याने कर्जाच्या वर नव्वद हजार रूबलांची बोली लावली, हा आकडा नाटकात उच्चारला जातो. आणि तो लोपाखिन कोण, तर ज्या इस्टेटीवर त्याचे बाप-आजे भूदास होते आणि ज्यांना स्वयंपाकघरातही प्रवेश नव्हता, त्यांचा वंशज. त्याच्या त्या क्षणीच्या आनंदाला चेखव खलनायकी ठरवीत नाही आणि मालकिणीच्या अश्रूंना खोटे म्हणत नाही. एका व्यवहारात दोन सत्ये एकाच वेळी उभी राहतात, म्हणून ते नाटक मोठे आहे. आणि त्याला विनोदिका म्हणण्याचा लेखकाचा आग्रह त्यामुळेच सार्थ आहे. मराठी समीक्षेने या तुलनेतून बाग तेवढी उचलली, लिलाव तेथेच ठेवला. ‘वाडा चिरेबंदी’तील घेणाऱ्याच्या नजरेने नाटक वाचण्याचा प्रयत्न तिने केला नाही, घेणारा तिला पात्र म्हणून दखलपात्रच वाटला नाही.

७

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. अशा वाचनाने साहित्यकृतीची स्वायत्तता नष्ट होते, नाटक हे कुळकायद्याचे परिशिष्ट बनते आणि समीक्षा तलाठ्याच्या दप्तरात शिरते, असे म्हटले जाईल. आक्षेप गंभीर आहे आणि त्याचे उत्तर संहितेनेच द्यावे लागेल. कलाकृतीत कर्ज, दागिने, ट्रॅक्टर आणि वाटणी ही सामग्री जर लेखकाने आणली असेल, तर ती वाचणे ही रूपाचीच चिकित्सा आहे. तिला वगळून उरलेल्या भावस्थितीला ‘रूप’ म्हणणे ही रूपवादाचीही फसवणूक आहे. कायदा हा कलाकृतीचा अर्थ आहे असे कोणी म्हणत नाही. पात्र गप्प का आहे, ते बाहेर का पडत नाही, त्याचा संताप नेमका कोणत्या दारावर आपटतो, हे समजण्यासाठी दार कोणाच्या नावावर आहे हे माहीत असावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक मानवी आहे. घर विकताना माणसाला दुःख होते. ते दुःखही वर्गीय म्हणून निकालात काढायचे काय? मुळीच नाही. जन्मघर परक्या हाती जाताना होणारी कालवाकालव खरी असते आणि साहित्याने ती सांगितलीच पाहिजे. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘हिंदू’ (२०१०) या कादंबरीचे उपशीर्षक ‘जगण्याची समृद्ध अडगळ’ असे आहे. अडगळ हा शब्द प्रतीकापेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे, कारण अडगळ कोणालातरी आवरावी लागते. घर रिकामे करताना माळ्यावरची भांडी, देव्हारा, मोडी कागदांचे रुमाल, सुईणीने वापरलेला पाट यांचे काय करायचे, हे ठरवावे लागते. आणि ते बहुधा घरातल्या बायका ठरवितात. दुःखाला असा व्यवहार जोडला की ते नेमके होते. व्यवहार काढून घेतला की ते दुःख सगळ्यांचे, म्हणून कोणाचेच नसलेले, हवापालटाचे दुःख होते.

हवापालटाच्या या दुःखाला आता बाजारभाव आला आहे आणि येथे समीक्षेच्या जबाबदारीचा प्रश्न तीव्र होतो. खेड्यातील जुने घर विक्रीस काढणाऱ्या आजच्या जाहिरातींची भाषा पाहावी. ‘वारसा’, ‘परंपरा’, ‘मुळांकडे परत’, ‘काळाच्या खुणा’ ही शब्दकळा दलालाने कोठून आणली? ती शाळेच्या पाठ्यपुस्तकांतून, स्मरणरंजनपर ललित लेखांतून आणि त्यांना प्रतिष्ठा देणाऱ्या समीक्षेतून आली आहे. नक्षीदार खांब, सागवानी दरवाजे आणि पितळी कड्या सुट्या करून शहरांतील उपाहारगृहांना विकल्या जातात. तेथे त्या ‘वाडा-संस्कृती’चे वातावरण निर्माण करतात. प्रतीक विकता येत नाही, हे आरंभी म्हटले होते. मिळकतीपासून नीट सोलून काढले, तर तेही विकता येते, असे दलालाने सिद्ध केले आहे. सोलण्याचे काम मात्र समीक्षेने आधीच करून ठेवले होते.

दुसरीकडे कागदही बदलत आहेत. आजवर बहुतेक गावठाणांतील घरांना मालकीचा सरकारी दस्तऐवज असा नव्हता. सातबारा शेतजमिनीचा, घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, आणि ती मुख्यतः कर आकारणीची. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या स्वामित्व योजनेत ड्रोनद्वारे गावठाणांची मोजणी करून मिळकतपत्रिका देण्याचे काम हाती घेण्यात आले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने मुलीचा सहदायादपणाचा हक्क जन्मसिद्ध असून २००५ साली वडील हयात असण्याची अट त्याला नाही, असा निर्वाळा दिला. पिढ्यान्‌पिढ्या ‘अमक्यांचा वाडा’ एवढ्याच नावाने ओळखल्या गेलेल्या घरांवर आता पत्रिकेत नावे लागत आहेत. कोणाचे नाव लागेल, कोणाचे राहून जाईल, कोणाकडून हक्कसोडपत्र घेतले जाईल, हे आज गावोगाव ठरते आहे. ज्या विद्यार्थिनी वर्गात ‘वाडा हे प्रतीक आहे’ असे उतरवून घेतात, त्यांच्यापैकी कित्येकींच्या आजोळी किंवा माहेरी हाच प्रश्न उभा आहे. आणि साहित्याचा वर्ग त्यांना सांगतो आहे की हिस्सा मागणे म्हणजे घर मोडणे होय.

म्हणून मागणी अवघड नाही. यापुढे वाड्यावरील कोणत्याही प्रबंधाने प्रतीकार्थाच्या प्रकरणाआधी एक प्रकरण लिहावे. त्यात या संहितेतील घर कोणाच्या नावावर आहे, ते उभे ठेवण्याचा खर्च कोण करीत होते, विकायचे कोण म्हणते आणि नको कोण म्हणते, त्यांच्यापैकी कोणाचा त्यात हिस्सा आहे, घेणारा कोण आहे, आणि सही कोणाची लागते, या प्रश्नांची उत्तरे संहितेतूनच शोधावीत. जेथे संहिता गप्प असेल तेथे ते मौन नोंदवावे. एवढे केल्यावर प्रतीकाला जागा उरली, तर ते खुशाल मांडावे. प्रभेची सही कोठे आहे, हे मात्र आधी पाहावे.